माणशी पाणी

२४ जानेवारी १९९४, सकाळी सव्वानऊ

इतिहासाने नोंद घ्यावी, कारण बाकी कोणी घेणार नाही. आज मीरा रोड पूर्व, पूनम सागर येथे एका सुशिक्षित, करदात्या, पन्नाशी ओलांडलेल्या नागरिकाच्या उजव्या गालावर साबण असताना घरातलं पाणी संपलं. डावा गाल गुळगुळीत. उजवा फेसाळलेला. पिंपात तांब्या बुडवला तर तळाला खडखड.

टॉवेलने पुसला. साबण पुसला जातो, अपमान जात नाही.

कारणमीमांसा: पाणी एक दिवसाआड येतं, पण केव्हा ते ब्रह्मदेवाला ठाऊक. खालच्या टाकीत पडलं की सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतभाई पंप लावतात आणि पाऊण तासात सोळा फ्लॅट मिळून वरची टाकी कोरडी करतात. काल दुपारी दोनला आलं. त्या वेळी मी पलंगावर चिंतन करत होतो. लोक त्याला झोप म्हणतात. लोकांनी आजवर कुठल्याच चिंतनाला नीट नाव दिलेलं नाही.

शेवटी समोरच्या विमलाबाईंकडून एक कळशी उसनी घेतली. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय हो टिपणीसभाऊ, आज अर्ध्याच तोंडाने बाहेर जायचंय?" चिपळूणकडच्या आहेत. जिभेला कोकमाची धार.

निश्चय: यापुढे दुपारी झोपायचं... चिंतन करायचं नाही.

२४ जानेवारी, रात्री

सकाळी विषय अर्धा राहिला. पाण्याचा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ दाढीचा नाही. अनसूया नाशिकला आहे, सुरुचीकडे. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, तीन महिन्यांकरता. नात अनुष्का आता बालवाडीत जाते.

जाताना अनसूया म्हणाली होती, "पाणी नीट यायला लागलं की कळवा." गिरगावातली खोली विकून इथे आलो तेव्हा बिल्डरच्या पत्रकात 'चोवीस तास पाणी' छापलं होतं आणि ते पत्रक तिला मीच मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तेव्हा प्रश्न सरळ आहे. पाणी आलं की अनसूया येणार. मध्ये वैयक्तिक काही नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. गुणवंतभाईंनी घोषणा केली की नगरपालिका पाण्याचे नवीन नियम आणि नवीन दर ठरवत्येय. मीटर सक्तीचा होणार, एप्रिलपासून लागू, हरकती-सूचना मार्चच्या आत द्यायच्या. "कोणी लिहील का?" म्हणाले.

मी एक पाऊल पुढे झालो. म्हटलं, मी चोवीस वर्षं कंपनीत पत्रव्यवहार सांभाळलाय. (कंपनीने स्वेच्छानिवृत्तीचा इतका आग्रह केला की माझ्या स्वेच्छेला नाही म्हणवेना. तो भाग सांगितला नाही.) गुणवंतभाई म्हणाले, "बस, तो फिर टिपनीससाहेब लिखेंगे," आणि सगळे जिलेबीकडे वळले. एका माणसाने शंका काढली नाही. इतका विश्वास क्वचित कोणाच्या वाट्याला येतो.

२९ जानेवारी

फुलस्केप दस्ता, कार्बन पेपर, नवीन रीफिल. हरकतींचा मसुदा सुरू. शीर्षक: 'पाणीपुरवठा उपविधी, एक मूलगामी विचार'.

दुपारी कलम सातपर्यंत आलो. कलम सात: पाण्याची वेळ निश्चित असावी. कलम आठ: पाणी आल्याचं समजण्यासाठी नळ उघडा टाकून खाली धातूची भांडी पालथी घालण्यास सक्त मनाई असावी. ही या बिल्डिंगची रानटी रीत आहे. कोणाचा पत्र्याचा डबा, कोणाची परात. पाणी आलं की सोळा घरांत एकदम ताशा. अनसूयाही न्हाणीघरात पालथं घमेलं ठेवायची. त्या आवाजाने माझी छाती धडधडायची. हे मी तिला अनेकदा शांतपणे आणि काही वेळा मोठ्याने सांगितलं होतं. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात घमेलं माळ्यावर टाकलं. आता दुपारी घरात कमालीची शांतता असते.

कलम नऊचा विचार करायला जरा आडवा झालो.

२९ जानेवारी, संध्याकाळी

पाणी येऊन गेलं.

विमलाबाईंकडून एक कळशी. म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडे एवढा डबा बडवला पाण्यानं, तुम्हाला भिंतीपलीकडून पण ऐकू आला नाही?" म्हटलं, लिहीत होतो. "हो, गालावर उशीचं उमटलंय ते," म्हणाल्या.

कलम आठ अधिक कडक करणार.

५ फेब्रुवारी

नियमांची प्रत बघायला भाईंदर पश्चिमेला नगरपालिकेत. नोटीस बोर्डावर लावलेत म्हणून खिडकीतल्या मुलीने बोट दाखवलं. तिथे उभ्याने उतरवून घेतलं. मुख्य मुद्दे: जोडणी अर्धा इंची का पाऊण इंची त्यावर अनामत वेगळी. दर हजार लिटरला. घरगुती आणि दुकानांचा दर निराळा. मुख्य लाइनीला थेट मोटर लावल्यास नळ तोडणार. थकबाकीवर व्याज. सोसायटीला मिळून एकच मीटर.

शेजारी जवळच्या मोरवा गावचे एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर लाल टोपी, बोर्ड वाचणाऱ्या माझ्याकडेच बघत होते. मला म्हणाले, "मास्तर, आमचे घराकडं बाव हाय. तिला पन मीटर बसवतान का काय?" म्हटलं, विहिरीबद्दल काही लिहिलेलं नाही. तर म्हणाले, "न्हाय ना? मग र्‍हाव द्या. तुमी बिल्डिंगवाले आलाव तवापासून पान्याला बी कागद लागतो." आणि गेले. मी मास्तर नाही हे सांगायचं राहून गेलं. पण त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं असणार.

येताना स्टेशनजवळ दोन केळी. रात्रीचं जेवण त्यातच भागवलं. भांडी घासायचा प्रश्न नाही, म्हणजे पाण्याचीही बचत.

१२ फेब्रुवारी

अनसूयाला सविस्तर पत्र लिहिलं होतं, कलमवार. आज तिचं कार्ड आलं. अक्षरशः असं: "गोळ्या वेळेवर घ्या. इथे थंडी फार. माळ्यावरच्या ट्रंकेतली माझी निळी गोधडी कोणी नाशिकला येणार असेल तर पाठवा. अनुष्काला ताप येऊन गेला, आता बरी. अनसूया."

कलमांविषयी चकार शब्द नाही. बरोबर आहे. पोस्टकार्डावर जागा किती?

गोधडी मागितली याचा अर्थ थंडीपुरतं राहणार. थंडी महिनाभर. मग मार्च. मग एप्रिलपासून नवीन नियम. तारखा जुळतायत.

विमलाबाईंचा मुलगा लवू भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आहे. त्यांची गाडी नाशिकला माल घेऊन जाते. गोधडी त्याच्याकडे दिली. हसून म्हणाला, "काका, पोचली म्हणून समजा." चांगला मुलगा. फक्त घरात माणसं फार. विमलाबाई, लवू, त्याची बायको दुर्गा, तीन पोरं आणि कायम कोणीतरी गावचा एक.

१५ फेब्रुवारी

आज मोठा शोध लागला. शोध असेच लागतात, आंघोळ टाळून बसल्यावर.

मीटर आला की बिल सोसायटीला येणार. सोसायटी ते सोळा फ्लॅटना सारखं वाटणार. म्हणजे समोरच्या सात माणसांनी धुतलं, न्हालं, पापड वाळवले, त्याचं बिल मी एका माणसाने भरायचं? एका म्हणजे तूर्त एका.

कलम एकवीस: पाणीपट्टी माणशी असावी. जितकी डोकी तितका दर. हे इतकं न्याय्य आहे की आजवर कोणालाच कसं सुचलं नाही? तीनदा मोठ्याने वाचलं. भिंतींना पटलं.

२० फेब्रुवारी, रविवार

सोसायटीची मीटिंग, गच्चीवर, अकरा वाजता. मसुदा वाचून सह्या घ्यायच्या. सतरंजी मीच नेली. उपस्थिती उत्तम. एकूण अकरा जण, त्यांतले दोन पतंग काढायला आलेले.

प्रस्तावना झाली. कलम एक ते चार शांततेत. कलम पाचला सभेत एकदम चैतन्य पसरलं. सगळे ताडकन उठले. मला क्षणभर वाटलं उभं राहून टाळ्या देतायत. तेवढ्यात खालून पंपाची घरघर माझ्याही कानावर आली. कोणीतरी "पानी आया!" ओरडलं आणि जिना दणाणला.

मी वाचन थांबवलं नाही. सभेचं गांभीर्य कोणीतरी राखायला हवं. कलम पाच ते अकरा एकट्याने वाचली. बाराव्याला आठवलं की माझंही एक पिंप आहे. धावत खाली आलो. नळाने एकदा खोकल्यासारखं केलं आणि गप्प झाला.

संध्याकाळी सह्यांसाठी दारोदार फिरलो. सगळ्यांनी न वाचता केल्या. विश्वास. विमलाबाईंनी आधी दारातूनच कळशी पुढे केली आणि मग सही. म्हणाल्या, "आधी पाणी घ्या भाऊ, घसा बसलाय तुमचा. वरनं खालपर्यंत ऐकू येत होतं. एकटेच बोलत होतात ना?"

सही घेतली. कलम एकवीस शेवटच्या पानावर होतं. त्या तिथवर गेल्या नाहीत.

३ मार्च

सुनावणी. सकाळी अकरा. कालच सर्वांना सांगून ठेवलं होतं की बिल्डिंगच्या फाटकाशी दहाला जमायचं. दहाला मी. सव्वादहाला मी आणि लवू. त्याला रात्रपाळी होती, डोळे लाल, पण आला. म्हणाला, "आई म्हणाली, काका एकटे जातायत, जा सोबत." गर्दी टाळून मोजके प्रतिनिधी न्यावेत हे माझंही मत होतंच.

हॉलमध्ये खूप लोक. आमचा नंबर जेवणाच्या सुट्टीच्या आधी लागला. साहेब तरुण, चष्मा, सौम्य. मी घसा साफ करून शीर्षक वाचलं. त्यांनी नम्रपणे विचारलं, "काका, मुद्दे थोडक्यात सांगाल?" थोडक्यात! मूलगामी विचार थोडक्यात! तरी म्हटलं, वेळ निश्चित हवी. साहेब म्हणाले, "केली आहे. एक एप्रिलपासून तुमच्या भागाला सम तारखांना दुपारी अडीच वाजता." मागे भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं. शाई वाळलेली होती, पण माझी हरकत आधीच्या आठवड्यात पोस्टाने गेली होती, तेव्हा कार्यकारणभाव उघड आहे.

कलम एकवीसही मांडलं. साहेब म्हणाले, "आम्ही मीटरपर्यंत. आतली वाटणी सोसायटीने आपसात ठरवायची, सभेत ठराव करून." कागदांचा गठ्ठा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. आदर दिसत होता.

बाहेर लवूने उसाचा रस पाजला. म्हणाला, "काका, ते एकवीस नंबर काय होतं? माणशी म्हणजे?" म्हटलं, सावकाश सांगेन. रस गोड होता. जरा जास्तच.

६ मार्च

अनसूयाला इनलँड. "वेळ निश्चित झाली. अडीच." खाली दोन रेघा.

१३ मार्च, रविवार

ऐतिहासिक दिवस. सोसायटीच्या सभेत माणशी वाटणीचा माझा ठराव मंजूर!

सोळांपैकी दहा घरांत तीन किंवा त्याहून कमी माणसं. त्यांचे हात भराभर वर गेले. माझ्या युक्तिवादाचा परिणाम. गुणवंतभाईंच्या घरात दोघंच, तरी त्यांनी हात वर केला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, बराबर आहे तुमचं, कागद उपर. पण बिल्डिंग मध्ये राहायचं आहे ने? थोडा समझो." म्हटलं, तत्त्वात थोडं नसतं.

लवूने एवढंच विचारलं, "काका, मग पाहुणा आला तर त्याचं पण धरायचं?" म्हटलं, पंधरा दिवसांच्या वर राहिला तर अवश्य. विमलाबाई सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या. पदर सारखा करून उठल्या. म्हणाल्या, "म्हंजे घरात माणसं असणं हा गुन्हा झाला म्हणायचा. बरं झालं सांगितलंत. आमच्या आयशीला कळलं असतं तर आम्हाला सहा भावंडं झाली नसती."

लोक हसले. बहुधा ठरावाच्या आनंदात.

वैयक्तिक काही नाही. हे त्यांना समजावून सांगणार आहे. योग्य वेळी.

१९ मार्च

विमलाबाईंचं दार हल्ली बंद असतं. आधी दिवसभर उघडं असायचं. तिखटाची फोडणी, पोरांचं पाढे पाठ करणं, रेडिओ, सगळं माझ्या घरात यायचं. मी त्याबद्दल तक्रारीचा एक कच्चा मसुदाही केला होता.

आता अतिशय शांत आहे. वाचनाला उत्तम. वाचलं नाही.

२५ मार्च

नाशिकहून कार्ड. गोधडी मिळाली. आता खोवणीची विळी पाठवा म्हणते. "सुरुचीकडची बोथट आहे. तुम्हाला लागत नाही."

विश्लेषण: उन्हाळा येतोय, सोलकढीचे दिवस. नाशिकला नारळ महाग. म्हणजे तिला इथली आठवण येत्येय. विळी उद्या देतो. लवूकडे कशी देऊ? पार्सलने पाठवतो.

स्वयंपाकघरात विळीच्या जागी फरशीवर पांढरट चौकोन राहिलाय. कापडाने पुसला. जात नाही.

२ एप्रिल

नव्या वेळापत्रकाचा पहिला दिवस. अडीच वाजता पाणी. सव्वा वाजता जेवण. दीडला खुर्चीत बसलो, पलंगावर मुद्दाम नाही. हातात पेपर. पावणेदोनला पेपर छातीवर ठेवला.

साडेचारला उठलो.

नगरपालिकेने वेळ पाळली, असं खालच्या दुकानदाराने सांगितलं. मिनिटाचाही फरक नाही म्हणाला. अडीच ही वेळ कोणी सुचवली होती? दुपारी अडीच! माणूस म्हणून काही विचार?

समोरच्या दारापर्यंत गेलो. बेलवर बोट ठेवलं. दाबलं नाही. खाली उडप्याकडे चहा घेतला आणि सोबत आलेल्या ग्लासातल्या पाण्याने चूळ भरली, तोंड धुतलं. वेटर म्हणाला, "साब, और एक ग्लास?" हो म्हटलं.

३ एप्रिल

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी दोन कळशा. पितळेच्या, भरलेल्या, वर ताटल्या झाकलेल्या. जिना झाडून दुर्गा वर येत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "सासूबाईंनी ठेवल्यात. सांगितलंय, मोजून दोन दिल्यात म्हणावं, त्यांच्या माणशीत लिहून घ्यायला सांग."

कळशा आत घेतल्या. दाढी केली. दोन्ही गाल.

निश्चय: परत करायच्या. भरून.

४, ६, ८ एप्रिल

४: गजराचं घड्याळ लावलं. रात्रीच्या अडीचला वाजलं.
६: बरोबर लावलं. वाजलं. उशी बरीच जाड आहे असं दिसून आलं.
८: पंधरा मिनिटं उरली असताना जाग आली. एक पिंप भरलं. प्रगती. पण कळशांपुरतं उरलं नाही.

रिकाम्या कळशा ओट्यावर आहेत. स्वयंपाकघरात गेलो की त्यांत माझं तोंड दिसतं, रुंद.

१० एप्रिल, रविवार

रविवारी एसटीडी स्वस्त, म्हणून बूथवर गेलो. सुरुचीने उचलला. तिने अनसूयाला दिला. म्हटलं, पाणी आता ठरल्या वेळेला येतं, अडीच, सम तारखा, पालिकेने माझ्या हरकतीवरून केलं. ती म्हणाली, "बरं झालं. तुमची सोय झाली."

तुमची.

फोनवर आवाज नीट येत नाही. 'आपली' म्हणाली असेल.

मी म्हटलं, शाळांना सुट्ट्या लागतील आता. ती म्हणाली, अनुष्काला आजीशिवाय झोप येत नाही, आणि इथे मंगळवारी भजनाला जाते, पेटीवाल्या बाई चांगल्या आहेत. मग म्हणाली, "देवाला रोज पाणी मिळतं का तिथे?" म्हटलं, अर्थात. रोज. ती म्हणाली, "बाळकृष्ण तेवढा पाठवा. आईकडचा आहे तो. इथे देव्हारा केलाय."

पुढे काय बोललो आठवत नाही. बूथवाल्याने सुटे नाहीत म्हणून दोन पेपरमिंट दिल्या.

गोधडी थंडीसाठी होती. विळी नारळासाठी. बाळकृष्णाचं विश्लेषण अजून झालेलं नाही. उद्या बसून करतो.

१२ एप्रिल

केलं नाही.

१७ एप्रिल, रविवार

सकाळी दहाला गुणवंतभाई माणसं मोजायला आले. ठरावानुसार प्रत्येक घरी जाऊन डोकी लिहून घ्यायची, त्यावर पहिलं बिल. समोरच्या घरापासून सुरुवात केली होती. मी माझ्या दारात उभा होतो, या क्षणाची वाट बघत. कलम एकवीस प्रत्यक्षात येताना.

विमलाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. गुणवंतभाईंनी विचारलं, "केटला... किती?" तर त्या म्हणाल्या, "सहा लिहा. आणि माझा भाचा परवा गावाला गेला, पण त्याने महिनाभर आंघोळ केली आहे, तेव्हा धरायचा असला तर धरा. टिपणीसभाऊंना विचारा, नियम त्यांचा हाय." गुणवंतभाईंनी खाली बघत सहा लिहिलं.

मग माझ्याकडे वळले. पेन टेकवतच म्हणाले, "तमारा तो एक ज ने, साहेब?"

तुमचं एकच ना, एवढंच. सोपा प्रश्न. तीन महिने मी याच उत्तरासाठी फुलस्केप खर्ची घातलेत. तोंड उघडलं. 'हो' म्हणायचं होतं. समोर विमलाबाईंचा तांदूळ निवडणारा हात थांबला होता.

म्हटलं, "दोन."

गुणवंतभाईंनी चष्म्यावरून बघितलं. "भाभी आल्या?"

म्हटलं, येणार आहेत.

"तो आल्यावर लिहू ने. दुप्पट कशाला भरता फुकट?"

म्हटलं, तुम्ही दोन लिहा. नियम तो नियम. ते म्हणाले, "सारु, सारु," आणि दोन लिहिलं. हळू, वळणदार लिहिलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. का कोण जाणे.

समोर परत तांदळाचा आवाज सुरू झाला.

१९ एप्रिल

स्टूल घेतलं. माळ्यावर चढलो. घमेलं ट्रंकेच्या मागे होतं. कोळिष्टकं झाडली, तळाला गंज आलाय थोडा. न्हाणीघरात नळाखाली पालथं घातलं. नळ उघडा टाकला.

ध्वनिप्रदूषणाचं कलम आठ अद्याप नगरपालिकेने मंजूर केलेलं नाही, तेव्हा बेकायदा काही नाही.

२० एप्रिल

दुपारी पलंगावर नीट आडवा झालो. झोपायलाच.

अडीचला असा ताशा वाजला की छाती धडधडत उठलो आणि अर्धवट झोपेत मोठ्याने ओरडलो, "अगं, बंद कर ते!"

मग उठून मीच बंद केलं.

पिंप भरलं. हंडा भरला. बादल्या, तपेली, चहाचं भांडंसुद्धा. बाळकृष्णाला खाली घेतलं, वाटीत ठेवलं, डोक्यावरून तांब्याने पाणी घातलं. बराच काळवंडला होता. चिंच लावून घासला. रांगतानाचा गुडघा आणि लोण्याचा गोळा उजळला. मऊ फडक्यात गुंडाळला, त्यावर पेपर, त्यावर दोरी. शुक्रवारी लवूची गाडी जाते.

अजून पाणी होतं. त्या दोन कळशा विसळल्या, काठोकाठ भरल्या, ताटल्या झाकल्या आणि एकेक करून समोर नेल्या. विमलाबाईंचं दार उघडं होतं. पुडकं दाखवून म्हटलं, लवूला नाशिकला द्यायचंय, देव आहे, सांभाळून. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि आपल्या देवापाशी ठेवलं.

मग कळशांकडे बघून म्हणाल्या, "ह्या कशाला आणल्यात भाऊ एवढ्या? दोघांचं भरता ना आता? तिकडे कमी पडेल."

म्हटलं, पुरेल.

"ठेवा मग तिथे मोरीत," म्हणाल्या. ठेवल्या. ताटल्या काढून त्यांना परत दिल्या. पायावर थोडं पाणी सांडलं होतं, ते पायपुसण्याला पुसलं आणि आलो.